उष्टावणापर्यंतच वाट पाहा

दुपारची जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची सून वर आली. हातात कोथिंबिरीची जुडी होती, पण ते नुसतं निमित्त हे चेहऱ्यावरूनच कळत होतं. इकडचं तिकडचं बोलून झालं, चहा झाला, तरी बाई उठेना. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, एक विचारू? कुणाला सांगू नका हं."

गोष्ट अशी होती. तिच्या चार वर्षांच्या मुलाला शाळेत घालायचं होतं आणि फॉर्मबरोबर डॉक्टरांचा दाखला हवा होता. डॉक्टर काळजीपूर्वक तपासणारे निघाले. त्यांनी विचारलं, "याची उजवी गोळी खाली उतरलेली नाही. तुम्हाला माहीत होतं का?"

माहीत होतं! बाळ वीस दिवसांचं असताना न्हाऊ घालणाऱ्या मावशींनीच ते हेरलं होतं. हिने नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "आईला विचार." सासूबाई म्हणाल्या, "येईल गं आपोआप. मुलगा मोठा झाला की येते खाली. आमच्या धाकट्या भावजींचंही लहानपणी असंच होतं म्हणे." झालं, विषय मिटला. लस टोचायला दवाखान्यात जाणं व्हायचं, पण तिथे चार बायकांसमोर विचारायचं कसं? लाजेत एकेक महिना गेला आणि बघता बघता चार वर्षं गेली.

मैत्रिणींनो, बाळाला दात कधी आले, तो पालथा कधी पडला, याची चर्चा आपण अंगणात उभ्या राहून करतो. पण मुलग्याच्या या अवयवाचं नाव घ्यायची वेळ आली की आपली जीभ जड होते. म्हणून आज हा विषय सरळ, घरातल्या भाषेत बोलायचं ठरवलं आहे. यात लाजण्यासारखं काहीही नाही, मात्र वेळेला फार किंमत आहे.

गोळी वर राहते म्हणजे काय?

मुलग्याच्या दोन्ही गोळ्या, म्हणजे वृषण, आईच्या पोटात असताना त्याच्या पोटातच मूत्रपिंडांच्या आसपास तयार होतात. गर्भ वाढतो तशा त्या खाली सरकतात. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवावी, तशा जांघेतल्या एका अरुंद वाटेने त्या बाहेर येतात आणि जन्माच्या आधी खालच्या पिशवीत, म्हणजे अंडकोशात, उतरतात. काही मुलांच्या बाबतीत हा प्रवास मध्येच थांबतो. गोळी जांघेत अडकते, नाहीतर पोटातच राहते.

दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांच्या बाबतीत असं होतं. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जातं, कारण प्रवास पुरा व्हायच्या आधीच ती जन्माला आलेली असतात. बहुतेक वेळा एकच गोळी वर असते, कधी दोन्ही.

यातल्या पुष्कळ मुलांची गोळी पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरते. वर्षाच्या वयाला शंभरात एखादाच मुलगा तसा राहतो. सासूबाई म्हणतात ते अगदीच खोटं नाही, फक्त त्याला मुदत आहे. ही मुदत सहा महिने. त्यानंतर गोळी आपणहून उतरण्याची शक्यता फारच कमी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे हे सहा महिने जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजायचे.

आपल्याकडे मुलग्याचं उष्टावण सहाव्या महिन्यात करतात. तीच खूण लक्षात ठेवा. उष्टावणापर्यंत वाट पाहायची, त्यानंतर नाही.

आईचं काही चुकलं का?

हा प्रश्न माझ्या शेजारणीने डोळ्यांत पाणी आणून विचारला. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, जड बादल्या उचलल्या, पपई खाल्ली, असं काहीबाही तिला ऐकवण्यात आलं होतं. यातल्या कशाचाही इथे संबंध नाही. बाळ लवकर जन्मणं किंवा कमी वजनाचं असणं यामुळे शक्यता वाढते. काही घराण्यांत बाप-मुलगा किंवा भावाभावांत हा दोष दिसतो. पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. तेव्हा स्वतःला बोल लावू नका आणि दुसऱ्या कुणा आईलाही लावू नका.

घरी कसं बघायचं?

वेळ निवडा आंघोळीनंतरची. बाळ उबदार हवं आणि तुमचे हातही गरम हवेत. थंडीने, घाबरल्याने किंवा गार हात लागल्याने गोळी वर ओढली जाते, ती त्या वयात साहजिक गोष्ट आहे. बाळाला उताणं ठेवून पाय सैल असताना पाहा. मोठ्या मुलाला मांडी घालून बसवा. पिशवीच्या दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या दिसतात का, एक बाजू सपाट आहे का, एवढंच बघायचं. दाबायचं, ओढायचं नाही. मालिश करणाऱ्या मावशींनाही हे स्पष्ट सांगा. तेल लावून, ओढून गोळी खाली येत नाही, उलट इजा होते.

काही मुलांची गोळी चढ-उतार करते. थंडीत दिसेनाशी होते आणि गरम पाण्याने आंघोळ घातली की खाली येते. अशा मुलाला सहसा ऑपरेशन लागत नाही. मात्र वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण मूल उंच होऊ लागलं की यातली एखादी गोळी कायमची वर जाऊन बसते. म्हणून 'जन्मताना सगळं नीट होतं' एवढ्यावर विसंबू नका.

काही वेळा मात्र उष्टावणाचीही वाट पाहायची नसते. नवजात बाळाच्या दोन्ही गोळ्या हाताला लागत नसतील किंवा लघवीचं तोंड टोकाशी नसून खालच्या बाजूला असेल, तर बाळ दवाखान्यात असतानाच तपासण्या व्हायला हव्यात. त्यामागे कधी शरीरातल्या ग्रंथींचा गंभीर दोष असू शकतो, आणि तो पहिल्या काही आठवड्यांतच जिवावर बेततो. तसंच बाळ रडताना जांघेत फुगवटा येतो आणि तो कडक होऊन आत जात नाही, बाळ उलट्या करतं, किंवा जांघेत वा ओटीपोटात एकाएकी जोराची कळ येते, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पहिल्यात आतडं अडकलेलं असतं, दुसऱ्यात गोळीला पीळ पडलेला असू शकतो.

ऑपरेशन कशासाठी?

"दुखत नाही, खुपत नाही, मग चिरफाड कशाला?" हा प्रश्न घरोघरी होतो. उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कढत दुधात विरजण लागत नाही, दूध कोमट व्हावं लागतं. गोळीचंही तसंच आहे. पोटातल्या उबेपेक्षा दोन-तीन अंश कमी ऊब तिला लागते, म्हणून तर निसर्गाने तिची जागा शरीराबाहेर ठेवली. ती आतच राहिली तर पुढे ज्यापासून बीज तयार व्हायचं त्या पेशींची वाढ खुंटते. त्या पेशींचा पहिला महत्त्वाचा बदल बाळाच्या पहिल्या वर्षातच होतो आणि दीड वर्षानंतर नुकसान वाढत जातं. हे नुकसान बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, हीच त्यातली मेख आहे.

दुसरं कारण, अशा मुलांत हर्नियाची पिशवी बहुधा उघडी राहिलेली असते. तिसरं, वर अडकलेल्या गोळीला मार लागण्याची आणि पीळ पडण्याची भीती असते. चौथं कारण सांगताना मी कचरले, पण सांगायलाच हवं. अशा गोळीत तरुणपणी कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. मुळात हा रोग विरळा आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण २००७ साली स्वीडनमध्ये हे ऑपरेशन झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे दुप्पट, तर तेरानंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक आढळला. शिवाय गोळी खाली असली की पुढे काही गाठ आलीच तर ती हाताला लागते. पोटातली गाठ कुणाला कळणार?

मग आपल्या सासूबाई "मोठा होऊ दे" का म्हणतात? कारण त्यांच्या काळी डॉक्टरही तेच सांगत! आधी वयात येईपर्यंत, मग पाच-सहा वर्षांपर्यंत, मग दोन वर्षांपर्यंत, असं हे वय ज्ञान वाढलं तसं खाली येत गेलं. आता सल्ला असा आहे: सहा महिन्यांना मुलांच्या सर्जनला दाखवावं, वर्षाच्या आसपास ऑपरेशन व्हावं आणि दीड वर्ष ओलांडू नये. तेव्हा सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की निम्मं काम होतं.

इंजेक्शनं आणि सोनोग्राफी

इंजेक्शनांनी गोळी उतरवण्याचा उपाय पूर्वी बराच केला जाई. त्याचा गुण कमी येतो आणि आलेला टिकेलच असं नाही, म्हणून आता तो सहसा सुचवत नाहीत. सोनोग्राफीचंही असंच. पोटातली गोळी तिच्यात दिसतेच असं नाही, त्यामुळे 'दिसली नाही' म्हणजे 'नाहीच' असा अर्थ होत नाही. अनुभवी सर्जनचा हात यात जास्त कामाचा असतो. पाचांपैकी चार मुलांत गोळी त्या हाताला लागते.

ऑपरेशनात काय करतात?

हे काही नवं खूळ नाही. एडिंबर्गच्या थॉमस अ‍ॅनंडेल या सर्जनने १८७७ मध्ये एका लहान मुलाची भलत्या जागी गेलेली गोळी पिशवीत आणून बसवली होती. पुढे १८९९ मध्ये शिकागोच्या आर्थर बेव्हन यांनी आपली पद्धत मांडली. आजच्या ऑपरेशनचा पाया त्या काळातला आहे.

बाळाला पूर्ण भूल देतात. शिवाय बहुतेक ठिकाणी कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन देतात, म्हणजे जाग आल्यावर लगेच दुखत नाही. जांघेच्या घडीत एक छोटा छेद घेतात. गोळी शोधून तिच्यावरची हर्नियाची पिशवी अलग करून बांधतात. गोळीची रक्तवाहिनी आणि बीज वाहून नेणारी नळी सांभाळून मोकळी केली की ती खालपर्यंत पोचते. मग अंडकोशावर दुसरा लहानसा छेद घेऊन, कातडीखाली खिसा करावा तशी जागा करतात आणि गोळी तिथे बसवतात. टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. सगळं मिळून तासाभराचं काम. पुष्कळ मुलं त्याच संध्याकाळी घरी जातात.

गोळी हाताला लागतच नसेल तर बेंबीतून दुर्बीण घालून पोटात पाहतात. ती पोटात असेल आणि रक्तवाहिनी आखूड असेल तर काम दोन टप्प्यांत करतात, मध्ये साधारण सहा महिने जाऊ देतात. कधी असंही दिसतं की गोळी गर्भातच सुकून गेली आहे. अशा वेळी मन खट्टू होतं खरं, पण दुसरी चांगली असेल तर मुलाची वाढ, दाढी-मिशा, संसार कशालाही बाधा येत नाही.

"एवढ्याशा जिवाला भूल कशी सोसेल?" सगळ्या आयांना हीच धास्ती असते. लहान मुलांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ आणि तशी सोय असलेला दवाखाना असेल तर निरोगी बाळाला भूल चांगली सोसते. ऑपरेशनआधी त्यांना भेटा, बिनदिक्कत विचारा. धोके अजिबात नाहीत असं नाही. रक्त साकळणं, जखम चिघळणं, क्वचित गोळी सुकणं किंवा पुन्हा वर जाणं, हे होऊ शकतं. पण जांघेतली गोळी असेल तर शंभरातल्या नव्वदाहून अधिक मुलांत ऑपरेशन यशस्वी होतं.

ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतर

उपाशी ठेवण्याच्या वेळा कागदावर लिहून घ्या. साधारणपणे वरचं दूध आणि अन्न सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मात्र शेवटचं. घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. आजीने कळवळून हळूच दिलेल्या एका बिस्किटापायी ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका.

घरी आल्यावर:

- सैल झबलं किंवा सैल चड्डी घाला. लंगोट आवळून बांधू नका.
- बाळाला कडेवर घेण्याची आपली रीत, एक पाय पुढे आणि एक मागे, साधारण दोन आठवडे बंद. दोन्ही पाय जवळ ठेवून हातांवर आडवं घ्या.
- तीनचाकी सायकल, लाकडी घोडा, पाय फाकून बसायचं कुठलंही खेळणं तेवढे दिवस वर ठेवून द्या.
- थोडी सूज आणि निळसरपणा काही दिवस राहतो. दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे, सांगितलेल्या वेळेला द्या.
- जखमेवर हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही. आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच, तोवर अंग पुसून घ्या.
- ताप, वाढती लाली, पू, रक्त, सारख्या उलट्या किंवा लघवी न होणं, यांपैकी काही दिसलं तर ताबडतोब दाखवा.

टाके भरले की काम संपलं असं समजू नका. काही महिन्यांनी गोळी जागेवर आहे का, वाढते आहे का, हे पाहावं लागतं. आणि मुलगा वयात आला की त्याला ही हकीकत सांगा. तुम्हाला अवघड वाटलं तर त्याच्या बाबांना सांगू दे. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी स्वतः चाचपून बघायचं आणि गाठ लागली, न दुखणारी असली तरी, सांगायचं, एवढं त्याला शिकवलंच पाहिजे. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. वीस वर्षांनी ते त्याच्या उपयोगी पडतील.

पुढे बाप होईल ना?

आईच्या मनातला खरा प्रश्न हा. एकच बाजू वर असलेली आणि ऑपरेशन झालेली मुलं मोठेपणी जवळजवळ इतरांइतकीच बाप होतात. दोन्ही बाजू वर असतील तर प्रमाण कमी होतं, ऑपरेशन होऊनही साधारण तिघांपैकी दोघे. आणि दोन्ही गोळ्या मोठेपणापर्यंत वरच राहिल्या तर आशा फारच थोडी उरते.

इथे मला पुन्हा त्या 'धाकट्या भावजीं'कडे यावंसं वाटतं. शेजारणीने पुढे सांगितलं, त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यांच्या पत्नीने सोळा सोमवार केले, नवस केले, दोनदा स्वतःच्या पोटावर ऑपरेशन करून घेतलं आणि आयुष्यभर हळदीकुंकवाला मागच्या दाराने गेली. भावजींची तपासणी कुणी केलीच नाही. त्यांचं कारण हेच होतं, असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण ज्या घरात 'लहानपणी असंच होतं म्हणे' हे सर्वांना ठाऊक होतं, त्या घरात चाळीस वर्षं बोट मात्र एकीकडेच दाखवलं गेलं. मुलग्याच्या बाबतीतली आपली लाज अशी कुणा दुसरीच्या पदरात पडते, हे विसरू नका.

वेळ टळून गेली असेल तर?

तरीही जा. दोन वर्षांचा असो, सात वर्षांचा असो, वयात यायच्या आधी ऑपरेशन झालं तर पुष्कळ राखता येतं. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मुलांच्या शस्त्रक्रिया विभागाची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमध्येच सुरू झाला. त्याची डॉक्टरांची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येऊन मुलांना तपासतात. पथक येईल त्या दिवशी तिथे जा आणि आपणहून सांगा. विचारल्याशिवाय प्रत्येकाची चड्डी उतरवून कुणी पाहत नाही.

शेजारणीच्या मुलाचं ऑपरेशन झालं. गोळी जांघेतच होती, नीट खाली आली. सर्जननी एवढंच विचारलं, "आधी का नाही आणलंत?" त्यावर तिच्याजवळ उत्तर नव्हतं. दुसरी बाजू चांगली आहे, त्यामुळे पुढची चिंता नाही असं ते म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात पोरगं जिन्यावरून उड्या मारत होतं.

परवा मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले, तर सासूबाई फोनवर होत्या. पलीकडे त्यांची नुकती बाळंत झालेली लेक असावी. आवाज सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असा! "अगं, लाजतेस काय? आंघोळ झाली की नीट बघ. नसली खाली तर उष्टावणापर्यंतच वाट पाहायची. मग मी स्वतः येते, डॉक्टरकडे जाऊ."

सून ओट्याशी उभी होती. माझ्याकडे बघून तिने हळूच मान हलवली.